साहेबांचं बटन आणि कोंबडीची कलेजी

कोंबड्यांच्या खाद्यावर संशोधन करणाऱ्या ऑफिसात मी नोकरी केली, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खुर्ची जवळ ओढतात. किस्से एवढे साठलेत की विचारू नका! फाटक्या पोत्यातून मका गळावा तसे गळतात. १९७० सालच्या आसपासचं नागपूर, गावाबाहेर आमची लॅब आणि बाजूला कोंबड्यांच्या दोन शेड. मी लॅब असिस्टंट.

* * *

आमचे पाध्ये साहेब पक्के शाकाहारी. आणि संशोधनाचा विषय काय, तर कोंबडीची कलेजी! एका शेडमध्ये पिवळा मका आणि हिरवा लसूणघास, दुसऱ्यात नुसती पांढरी ज्वारी. मग कोणाच्या कलेजीत 'अ' जीवनसत्त्व जास्त, ते आम्ही तपासायचो. मका नेहमी जिंकायचा.

एका पाहुण्यानं विचारलं, "चवीला कोणती बरी, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "चवीचं या बाईंना विचारा. मी फक्त जीवनसत्त्वापर्यंत जातो!"

* * *

शेड सांभाळायचे गुलाबराव, रामटेककडचे. त्यांनी मांस सोडलेलं. "ज्यायले हातानं चारलं त्यायले खाऊ कसा, बाई?" डब्यात रोज भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

साहेब घाईत शर्टाचं बटन हमखास एक घर चुकवून यायचे. गुलाबराव दारातूनच ओरडायचे, "साहेब, बटन!" दिल्लीहून मोठे पाहुणे आले तरी हा माणूस ओरडणारच.

* * *

एका संध्याकाळी साहेबांच्या डब्याची पांढरी पिशवी गायब! टेबलाखाली, सायकलच्या कॅरिअरला, सगळीकडे शोधून झालं. सकाळी आम्ही बघतो तर पिशवी शेडमध्ये, आणि तिच्यावर कोंबडी बसलेली! बाहेर राहिलेली कोंबडी समजून गुलाबरावांनी पिशवीच आत ठेवली होती.

मी हसून हसून बेजार. "काहून हो गुलाबराव, पंख नाही दिसले?"

ते हसले नाहीत. "दिवस मावळला का मले काहीच दिसत नाही, बाई. कोणाले सांगू नका. रोजंदारीवरचा माणूस मी. संध्याकाळी शेड बंद करता नाही आली तर काढून टाकतीन."

फार वाईट वाटलं हो! साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "गुलाबराव, आजपासून शेड आपण दोघं मिळून बंद करू."

* * *

डॉक्टर म्हणाले, रातांधळेपणा आहे, 'अ' जीवनसत्त्व कमी पडतंय, कलेजी खा. तपासणीला अर्धीच कलेजी लागायची, उरलेली आम्ही पाळीपाळीनं घरी न्यायचो. सगळ्यांनी आपापली पाळी गुलाबरावांना दिली. पण ते ऐकतील तर शपथ!

शेवटी साहेब, जन्मात कलेजी न चाखलेला माणूस, त्यांच्याजवळ पोत्यावर बसले. "गुलाबराव, मका तुमच्या हातचा, घास तुमच्या हातचा. त्यातलं चांगलं ते कोंबड्यांनी पोटात जपून ठेवलं. तुमचंच आहे ते, परत घ्या."

गुलाबरावांनी शेडमधल्या एका लंगड्या कोंबडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या लंगडीले तेवढं सोडा, साहेब."

लंगडी कोंबडी त्याच दिवशी पेन्शनीत गेली!

* * *

मग मी मकावाल्यांची कलेजी घरून शिजवून आणायची. गुलाबराव आधी शेडकडे बघून हात जोडायचे, मगच घास घ्यायचे. साहेब शेजारी आपली मेथीची भाजी घेऊन बसायचे. दिवस मावळला की साहेब त्यांचा हात धरून कुलूप लावायला जायचे.

एक मात्र मला कळेना. सकाळी नीट लावलेलं साहेबांचं बटन संध्याकाळी पुन्हा चुकलेलंच! मी एकदा म्हटलं, "अहो साहेब, बटन..."

"शू! तुम्ही नाही सांगायचं!"

* * *

अशाच एका संध्याकाळी आम्ही शेडच्या दाराशी होतो. चांगलं अंधारून आलं होतं. साहेब कुलूप लावत होते. गुलाबराव त्यांच्याकडे बघत थांबले, जरा पुढे वाकले आणि एकदम ओरडले, "साहेब, बटन!"

साहेबांनी बटनाला हातच लावला नाही. चाव्यांचा जुडगा गुलाबरावांच्या हातात दिला आणि पाठ फिरवून चष्मा पुसायला लागले.

"रडू नका, साहेब," गुलाबराव म्हणाले. "मले दिसून राहिलं."