शेलूबाजारातला जपानी स्वयंपाक

त्या वर्षांत मी इतकी थकलेली असायची की एसटीत दांड्याला धरून उभ्या उभ्या डोळा लागायचा. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. मी ग्रामसेविका होते. सकाळी मंगरूळपीरहून निघायचं, आसेगावात बाळंतिणींची विचारपूस करायची, तिथून धुळीत पाय ओढत पुढच्या गावी शिवणवर्ग, आणि परत येऊन अहवाल. लोक म्हणायचे, बाईच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी हौसेची असते हो, माझी सरकारी होती.

अशात एक दिवस साहेबांनी बोलावलं. विहिरींवरच्या पंपांचं काही शिकवायला एक जपानी पाहुणे आले होते आणि त्यांची बायको रेस्टहाउसवर बसून कंटाळली होती. आपल्या बायकांना तिकडचा घरगुती स्वयंपाक शिकवायची तिची इच्छा होती. “तुम्हाला इंग्रजी येतं ना?” साहेब म्हणाले. मला मॅट्रिकपुरतं येत होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! हिवाळ्याचे दिवस, मला घरी जाऊन नुसतं पडायचं होतं, आणि हे नवं लचांड गळ्यात आलं.

वर्ग घ्यायचा कोणाच्या घरी? बायका मागे सरकल्या. परक्या देशाची बाई, काय खाते न काय नाही. आणि जिचा होकार येणारच नाही असं मी धरून चालले होते, तिचाच आला. शेलूबाजारातल्या जैन दुकानदाराची बायको. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. तिच्या स्वयंपाकघराचा धाक गावभर होता. पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही, जमिनीखालचं काही शिजवायचं नाही, शिळं ठेवायचं नाही. शेजारणीसुद्धा उंबऱ्याबाहेरून बोलायच्या.

मी विचारलं, “काकू, तुमच्या घरी? चालेल?”

तिनं मला मागच्या अंगणात नेलं. “बाई, तुमाले तं मालूम आहे,” ती म्हणाली. मला माहीत होतं. तिच्या सुनेचं पहिलं बाळ नाळ पडायच्या आत गेलं होतं. त्याच्यानंतर त्या मुलीनं जेवण टाकलं. ताटावर बसायची, भात चिवडायची, उठायची. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की औषधानं काही होणार नाही, पोटात अन्न जात नसेल तर ही पोर हातची जाईल. “मी गोड करून पाह्यलं, तिखट करून पाह्यलं, रागावून पाह्यलं. आता ते जपानी तं जपानी. काही नवं पाहून पोरगी तोंडात घालीन तं घालीन. आना तुमी तिले.”

म्हणून तो वर्ग तिच्या घरी झाला. बाकी सगळ्यांसाठी ती मजा होती, काकूसाठी नव्हती.

जपानीबाई आली ती बाजारातून चांगला लांब पांढरा मुळा घेऊन. नेमका जमिनीखालचा. पडवीत जमलेल्या बायका हसू दाबायला लागल्या. मी तिला म्हटलं, मुळा नाही. तिनं पिशवीतून गाजर काढलं. गाजर नाही. कांदा? अगं बाई, कांदा तर नाहीच नाही. तिनं हात खाली नेऊन वर नेला, म्हणजे जमिनीच्या वर उगवणारं काय चालतं? काकूनं कोपऱ्यातला लाल भोपळा दाखवला. जपानीबाईचा चेहरा असा उजळला की मलाही जरा बरं वाटलं. त्यांच्याकडेही भोपळा होतो म्हणे, आणि तो घरोघर शिजतो.

मग तिनं बॅगेतून एक कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. काळीकुट्ट, जाड, वाळलेली पट्टी.

“हे चामडं तं नाई ना व बाई?” काकू दोन पावलं मागे गेली.

मी विचारलं. चामडं नव्हतं, समुद्रात उगवणारं गवत होतं. “गवत असन तं चालते,” काकू म्हणाली. तिच्या तोंडून ‘चालते’ ऐकून बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पट्टीच्या पाण्यातच त्यांच्याकडची प्रत्येक भाजी शिजते, म्हणे, चव तिथूनच येते. आणि ही शेवटची पट्टी होती. आईनं घरून निघताना बॅगेत घातलेली. तिनं ती पितळेच्या गंजात, उभट पातेल्यात, पाण्यात बुडवली, झाकण ठेवलं, आणि रात्रभर भिजू द्या म्हणाली. उद्या दुपारी याच पाण्यात भोपळा. मी काकूला तसं सांगितलं, दोनदा सांगितलं.

सून सगळा वेळ दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. पाहत होती की नव्हती, कळत नव्हतं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पुन्हा जमलो. जपानीबाईनं पदर खोचावा तसा कमरेला फडका बांधला आणि गंजावरचं झाकण उचललं. आत स्वच्छ, नितळ पाणी. पट्टीचा पत्ता नाही.

“काकू, यातलं ते गवत?”

“फेकलं ना,” काकू म्हणाली. “सकायी पाह्यलं तं बुयबुयीत झालतं. रातचं पाणी, रातची चीज, पाहुणीले देऊ काय? गंज राखेनं घासला, ताजं पाणी गायून भरून ठेवलं.” चांगलं केलं म्हणून ती माझ्याकडे पाहत होती. सांगून काय होतं? त्या घरात रात्रीचं पाणी सकाळी वापरायची रीतच नव्हती. पहाटे तिचे हात आपसूक गंजाकडे गेले असतील.

“कुठे फेकलं?”

“उकिरड्यावर. गाईनंबी तोंड लावलं नाई त्याले.”

मी जपानीबाईला सांगितलं. ती आधी हसली. खूप हसली, बायकाही हसल्या. मग ती भिंतीकडे तोंड करून पाटावर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसणं थांबलं. एकेक बाई पदर सावरत उठली, कोणाला सांज पडायच्या आत धारा काढायच्या होत्या, कोणाचं पोर रडत होतं. झालं, वर्ग आटोपला. मला खरं तर सुटल्यासारखं झालं. उद्या अहवालात दोन ओळी लिहीन, आत्ता गाडी मिळाली तर अंधाराआधी घरी पोचेन, एवढंच डोक्यात होतं. त्या बाईची दया आली नाही असं नाही, पण थकलेल्या माणसाच्या दयेत फार दम नसतो.

काकू मात्र हादरली होती. “मी काय केलं व बाई? पाहुणीच्या माहेरची चीज होती काय ते?”

आणि तेव्हा सून बोलली. मी तिचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकत होते. सासूला ती आत्याबाई म्हणे. “आत्याबाई, त्यायनं आपल्या घरी येऊन काईच खाल्लं नाई.” एवढं म्हणून ती चौकटीला धरून उठली. विळीवर बसली. भोपळा तिच्यानं कापवेना, पाती रुतून बसली. जपानीबाईनं डोळे पुसले, तिच्या शेजारी बसली आणि दोघींनी मिळून तो दाबला. मग साध्याच पाण्यात, मीठ आणि गुळाचा खडा घालून फोडी शिजल्या. शेजारच्या चुलीवर मऊ भात. बोलणं काही नाही. जपानीबाई हातानं करून दाखवायची, सून तसं करायची. माझी तिथे गरजच उरली नव्हती, आणि तरी मी निघाले नाही.

ताटं वाढली. जपानीबाईनं हात जोडले, मान वाकवली, आणि थांबली. सुनेनं घास घ्यावा म्हणून थांबली होती. सूनही थांबली. पाहुण्यानं घास उचलल्याशिवाय घरच्यानं उचलायचा नाही, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसल्या. वाफ निवून गेली. आणि त्या घरात दिवस मावळल्यावर कोणी तोंडात काही घालत नसे. काकू दाराकडे पाहत होती. ऊन भिंतीवरून उतरून समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर गेलं होतं. आता नाही जेवली तर गेला आजचाही दिवस.

माझा संयम सुटला. “अरे, जेवा ना एकदाच्या! दोघींनीही काय लावलंय हे!” मी मराठीतच ओरडले. जपानीबाईला काय कळलं देव जाणे. तिनं भोपळ्याची एक फोड उचलली, सुनेच्या हातात ठेवली, आणि त्याच वेळी दुसरी स्वतःच्या तोंडात घातली.

सुनेनं ती खाल्ली. मग दुसरी. मग भात कालवला. घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. पोटात आग पडल्यासारखी ती जेवत होती. काकूनं पुन्हा वाढलं.

मी दारात उभी होते. पत्र्यावरचं ऊन गेलं. जपानीबाईला न्यायला आलेल्या जीपवाल्यानं रस्त्यावर दिवे लावले. बाहेर चांगलं अंधारून आलं.

सुनेचा हात अर्ध्यात थांबला. तिनं घास ताटात परत ठेवला. “आत्याबाई, दिवस बुडला.”

काकू उठली. मला बाजूला सारून दारापाशी गेली. बाहेर पाहिलं, नीट पाहिलं. मग दार लोटून घेतलं, कडी घातली आणि येऊन सुनेपुढे मांडी घालून बसली.

“कुठी बुडला? मी आत्ताच पाहून आली,” ती म्हणाली. “जेव माय. जेव तू.”