तात्यांना न येणारा स्वर

तात्या बासऱ्या, क्लॅरिनेट, कर्णे, फुंकून वाजणारं काय वाट्टेल ते दुरुस्त करत. स्वतः फुंकून पाहिल्याशिवाय वाद्य गिऱ्हाइकाच्या हातात देणं त्यांच्या लेखी पाप होतं. "बेसूर फुंकण्यापेक्षा तोंड मिटलेलं बरं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यानेच घरात घोळ घातला होता.

मुलाने दूरदेशची मुलगी केली. पोरगी लाखात एक, पण तिच्या नावात मधोमध एक स्वर असा, की तो धड 'ई' नाही, धड 'ऊ' नाही. तात्यांची बायको बिनधास्त 'ऊ' ठोकून मोकळी झाली. सूनही हसून ओ द्यायची. तात्यांना मात्र खोटा सूर काढवेना. पाच वर्षं ते फोनवर आणि सुट्टीतल्या भेटींत "अगं", "ऐकलंस का" यांवर निभावत आले. आता येत्या रविवारी ती दोघं कायमची इथे राहायला येणार होती. तात्यांची अन्नावरची वासनाच उडाली.

शुक्रवारी दुकानात भाषा शिकवणाऱ्या एक बाई दुरुस्तीला टाकलेली बासरी न्यायला आल्या. तात्यांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं.

"अहो, 'ई' म्हणताना आपली जीभ पुढे येते आणि ओठ फाकतात," बाई म्हणाल्या. "'ऊ'ला ओठांचा चंबू होतो, पण जीभ मागे जाते. आपल्या तोंडाला ह्याच जोड्या ठाऊक. फ्रेंच, जर्मन, तुर्की, चिनी माणसं त्या फोडतात. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे!"

तात्या आरशासमोर उभे राहिले. चंबू केला की जीभ मागे पळे. जीभ पुढे आणली की बत्तिशी दिसे. बाईंना हसू आवरेना. वैतागून तात्यांनी त्यांची बासरी उचलली आणि नेहमीसारखा वरच्या सप्तकातला सूर फुंकून पाहिला. फुंकता फुंकता त्यांचे डोळेच विस्फारले. ओठ गोल होते. आणि जीभ? पुढे, टाळूजवळ! चाळीस वर्षं ती तिथेच जात होती की!

त्यांनी बासरी हळूच बाजूला केली, तोंड तसंच ठेवलं आणि गळ्यातून आवाज सोडला.

"हाच! हाच तो!" बाई ओरडल्या.

तात्यांना आभाळ ठेंगणं झालं. घरी जाताना रस्ताभर ते सुनेचं नाव घोकत गेले. लोक वळून बघत होते, बघू देत!

रविवारी बॅगा आत आल्या. सून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तात्यांनी घसा खाकरला आणि तिला नावाने हाक मारली.

आत फक्त पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. तात्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी पुन्हा हाक मारली.

सून दारात आली, ती डोळे भरूनच. "बाबा, मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही. म्हणून तुम्ही माझं नाव घेत नाही."

तात्या लगबगीने पुढे झाले. "अगं वेडे, मला येत नव्हतं! येत नव्हतं गं मला!"

"मग आई म्हणतात तसं चुकीचं म्हणायचं ना," ती रडता रडता म्हणाली.