नागपूरकडून खेळलेली प्रणाली

मध्य प्रदेशातल्या, पण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या लोधीखेड्याची प्रणाली लांब उडी मारते. तिच्यासाठी तिच्या वडिलांनी, हेमराजनं, माझ्या घरामागच्या पडीत जागेत कन्हान नदीची रेती आणून टाकली. मी शाळेत पीटी शिकवायचो. निवृत्तीनंतर तिची उडी मोजायला टेप धरायचं काम माझ्याकडे आलं. माझं खेळाचं ज्ञान बेताचंच, पण पोरगी माझं ऐकायची. तिथंच चुकलं.

नववीत तिला आमच्या राज्याच्या स्पर्धेसाठी जबलपूरला जायचं होतं. मीच म्हटलं, "इतक्या लांब कशाला? सावनेर ओलांडलं की नागपूर. सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी घरी." आमच्याकडे लग्नाचा बस्ता नागपूरचा, दवाखाना नागपूरचा, संत्रीही तिकडेच जातात. खेळही तिकडचाच असला तर काय बिघडलं, असं मला वाटलं. तिथल्या एका क्लबात नाव घातलं. तीन वर्षांत तिनं दोन पदकं आणली.

यंदा बारावीत तिला अठ्ठावन्न टक्के पडले. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं आहे, आणि एवढ्या गुणांवर खेळाडूंच्या राखीव जागेशिवाय इलाज नव्हता. नागपूरच्या एका कॉलेजात अर्ज घेऊन आम्ही तिघं गेलो.

खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केले. "प्रमाणपत्रं इकडची आहेत, रहिवासी दाखला मध्य प्रदेशचा. या जागेत बसत नाही."

"मॅडम, आम्ही मराठीच आहो न," हेमराज म्हणाला.

"फॉर्ममध्ये भाषेचा रकाना नाही, काका."

मग भोपाळच्या एका कॉलेजला फोन लावला. तिथल्या बाबूनं शांतपणे ऐकून घेतलं. "बच्ची रहती एमपी में है, खेली महाराष्ट्र में। हमारे यहाँ का तो एक भी कागज नहीं।"

परतीच्या बसमध्ये हेमराज पुढच्या सीटवरून वळला. "गुरुजी, नागपूर जवळ होतं म्हणत होते न तुम्ही?"

प्रणाली पदकांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभी. "काय करून राहिले, गुरुजी? टेप घ्या."

"आता कशाला?"

"आपल्या इकडच्या सौसरच्या कॉलेजात बीएला नाव टाकलं. आता एमपीकडूनच खेळतो, अन् पुढच्या साली पुन्हा फॉर्म भरतो. जबलपूर म्हणतील तर जबलपूर."

"मी एक सांगू का..."

"तुम्ही काही नोका सांगू. फक्त मोजा."

ती लांबून धावत आली आणि पडली ती थेट रेतीच्या पलीकडच्या टोकाशी. मी दोनदा मोजलं. पाच मीटर अठरा. आजवरची तिची सगळ्यात लांब उडी. आकडा वहीत लिहिला. पुढं तो कोणाकडे द्यायचा, नागपूरला की भोपाळला, ते मला अजून कळलेलं नाही.