आधी नमस्कार, मग पाय

सोनगीरच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की एक गाव लागतं. तिथे कुणालाही "पायाळू नानाचं घर कुठलं?" विचारा, शेंबडं पोरही हात धरून नेऊन पोचवील. लोटननाना आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आला, एवढंच काय ते त्याचं कर्तृत्व. पण पायाळूचा पाय लागला की उसण उतरते, ही लोकांची पक्की समजूत. त्यामुळे नाना चालायला लागल्यापासून अख्खं गाव त्याच्यापुढे पालथं पडत आलं होतं. कापूस वेचून धरलेली कंबर असो की गोणी उचलताना लचकलेला खांदा, औषध एकच, नानाचा उजवा पाय.

आता, माणसाला पाय लावायचा म्हणजे पापच की. लहानपणी एकदा नानाने हुशारी करून थोरल्या काकांच्या पाठीत सणसणीत लाथ हाणली होती. आईने तिथल्या तिथे कान पिळला आणि बजावलं, आधी पाया पडायचं, मग पाय लावायचा. तो नेम नानाने जन्मभर पाळला. समोर सरपंच असो की शाळकरी पोर, नाना आधी कमरेत वाकून त्याच्या पावलांना हात लावायचा, "माफ करजो" म्हणायचा, आणि मग पाय टेकवायचा, तोही मांजर पाठीवर चढल्यासारखा हलका. घोटभर चहाखेरीज कधी काही घेतलं नाही. आपल्या पायात काही जादू आहे असं त्याला स्वतःला कधीच वाटलं नाही. पण माणूस कण्हत येतो आणि हसत उठतो, हे बघायला त्याला मनापासून आवडायचं.

आणि मग त्याचाच उजवा खुबा धरला. पाय कसाबसा उचलता आला असता, पण वाकता येईना. वाकता येत नाही म्हणजे नमस्कार नाही, आणि नमस्कार नाही म्हणजे पाय नाही. नाना आलेल्या माणसाला "आज नको" म्हणून परत पाठवू लागला. लोक म्हणाले, "नानाले आते भाव चढना." नानाने ऐकून घेतलं. पायाळूचाच पाय धरलाय हे सांगणार कुणाला? दिव्याखाली अंधार म्हणून गाव हसलं असतं.

सून ज्योती मात्र डोळे उघडे ठेवून होती. सासऱ्याला उभ्याने धोतर नेसता येत नाही हे तिने पाहिलं, आणि बाजाराच्या निमित्ताने त्याला धुळ्याला नेलं. तिथे शिल्पा नावाची एक तरुण कायरोप्रॅक्टर होती. खांदे, खुबे, कंबर हाताने दाबून, वळवून मोकळे करायची. लोक तिला हाडं बसवणारी डॉक्टरीण म्हणत. नाना दबकत आत शिरला, तर समोरच्या बाकावर गावचा तोताराम! गेल्या वर्षी याच तोतारामच्या खांद्याला नानाने पाय लावला होता. दोघांचेही चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले.

"नाना, तू आठे काय करस?" तोताराम कसाबसा बोलला.

"तू करस तेच," नाना म्हणाला, आणि दोघं खिडकीबाहेर बघत बसले.

तेवढ्यात एका म्हाताऱ्याला उचलून आणलं. पडला होता. एक पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. शिल्पाने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "हाड मोडलेलं असू शकतं. याला मी हात लावणार नाही. आधी मोठ्या दवाखान्यात न्या." समोर आलेल्या माणसाला नाही म्हणताना तिचा आवाज जराही कापला नाही. नानाला ते फार मोठं वाटलं.

नानाचा एक्स-रे तिने नीट पाहिला, मग त्याला पालथं झोपवलं. जन्मभर लोकांना पालथं पाडणारा नाना पहिल्यांदा स्वतः पालथा पडला, आणि त्याला कळलं की असं पडलं की काही दिसत नाही आणि भीती वाटते. पण शिल्पा दर वेळी "नाना, आता दाबते हं" म्हणायची, आणि त्याचं अंग सैल व्हायचं. दर आठवड्याला खेप झाली, घरी व्यायाम झाले. उन्हाळा सरता सरता नाना पुन्हा वाकू लागला. नाना पुन्हा पाय लावतो, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. ओट्यावर पुन्हा गर्दी झाली. कुणी मधल्या नकाराबद्दल विचारलं नाही, नानानेही काही सांगितलं नाही.

मग एके सकाळी गावातल्या पुनाने आपल्या आईला, इंदिराबाईला, खाटेवर घालून आणलं. ओल्या मोरीत घसरली होती. "नाना, तुना पाय लागना म्हंजे मी उभी ऱ्हासू," ती विव्हळत म्हणाली. नाना वाकणार, तोच त्याची नजर तिच्या पावलावर गेली. पाऊल बाहेर वळलेलं होतं.

"इले पाय लावाना नही. धुयाले मोठा दवाखानामा लई चला," नाना म्हणाला.

पुना भडकला. "तुले मगरुरीच उनी नाना! मन्ही मायले नही म्हनस?"

सगळे नानाकडे बघू लागले. गप्प राहिला असता तर नाव टिकलं असतं, पण इंदिराबाईला कुणीतरी दुसऱ्या पायाळूकडे नेलं असतं. नाना मोठ्याने बोलला, "मन्हा पायमा काही नही शे. मन्हा सोताना खुबा धुयानी डॉक्टरीनबाईनी बरा करा."

नानाची मान खाली गेली. तेव्हा गर्दीतून तोताराम पुढे आला. "मन्हा खांदा बी तिनीच बरा करा," तो म्हणाला, आणि दूधवाल्याचा छोटा हत्ती टेम्पो आणायला धावला.

इंदिराबाईला खाटेसकट गाडीत ठेवलं. गाडी निघणार, तोच ती ओरडली, "थांब रे! नाना, पाय नको लावू, पन पाया ते पड. तुना नेम काबर मोडस?"

नाना जवळ गेला. कशाचाही आधार न घेता कमरेत पूर्ण वाकला, आणि तिच्या धड पावलाला हात लावला.

"माफ करजो, बईन."

"आते चला," इंदिराबाई म्हणाली.