मागचा बोल्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वहिनीला नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या अण्णांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही अण्णांना ओळखत नाही — एवढंच.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक होते, आता साताऱ्यात असतात. मी सांगलीकडे; माधवनगरला माझं पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं दुकान आहे. डोळ्यांत पाणी आणून बसणारी बाई मी नाही. कापड मोजायचं, कापायचं, पुढचं गिऱ्हाईक. तरी ही गोष्ट तीन वर्षं मनात अडकून बसली आहे.

निवृत्तीनंतर अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही — कपातला चहा बशीत सांडेल इतकाच. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं. मोठा आजार नाही, हात वापरत राहा, म्हणाले. मग अण्णांनी थेट विमानाचं किट मागवलं. रिमोटवर उडणारं, नऊ फुटी पंखांचं. खोका आला तो पलंगाएवढा! आत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पंखांच्या बरगड्या आणि अख्खी खोली व्यापणारा नकाशा.

"हे उडालं तर हात माजा हाय," ते मला म्हणाले. "न्हाई उडालं, तर मग डॉक्टर काय बी म्हणू दे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

विमानाच्या सांगाड्यावर रंगीत फिल्म चढवतात, ती इस्त्रीने ताणून बसवावी लागते. इस्त्री म्हणजे माझं काम. आठ महिने, एक रविवार सोडून एक, मी सकाळच्या बसने साताऱ्याला जात होते. अण्णा डाव्या हाताने उजवं मनगट धरून एकेक बरगडी चिकटवायचे. मी मागून इस्त्री फिरवायची. सुरकुती गेली की पंखावर टिचकी मारून बघायची — ढोलकीसारखा वाजायचा. "आवं, माणसांना जेवायला तरी जागा ठेवा की," वहिनी म्हणायच्या. जागा नव्हतीच. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवायचो.

मुद्द्यावर येत नाही मी — कळतंय मला. येते.

एवढं मोठं विमान मैदानावर नेऊनच जोडावं लागतं. दोन्ही पंख एका नळीवर सरकवायचे आणि विमानाच्या पोटातून हात घालून प्रत्येक पंख दोन प्लॅस्टिकच्या बोल्टांनी आवळायचा. एक पुढचा, एक मागचा. आत जागा अरुंद. माझी बोटं बारीक, म्हणून ते काम माझं. आणि अण्णांनी फौजेतल्यासारखी हजेरी ठरवली होती — ते एकेक नाव घेणार, मी बघून "हाय" म्हणणार. बघून. हे त्यांनी किती वेळा बजावलं असेल?

साताऱ्याबाहेरचा माळ, सकाळची वेळ, वारा पडलेला. विमानं उडवणारे चार-पाच जण जमले होते. त्यातला एक, अण्णांचा फौजेतला सोबती, मला बघून अण्णांना म्हणाला, "काय गड्या, भनीनं विमानाला झालर लावली का न्हाई?"

सगळे हसले. अण्णाही हसले. मीही हसले — पण लागलं.

उजव्या पंखाचा मागचा बोल्ट माझ्या बोटांतून निसटला आणि गवतात पडला. खाली बघितलं. दिसला नाही. जादा बोल्ट गाडीत होते, निळ्या डब्यात. गाडी किती लांब होती? पन्नास पावलं. पण तिकडे जायचं म्हणजे बोल्ट पाडला हे त्या सगळ्यांसमोर सांगायचं. म्हणजे पुन्हा झालर.

"डावा, पुढचा?"

"हाय."

"डावा, मागचा?"

"हाय."

"उजवा, पुढचा?"

"हाय."

"उजवा, मागचा?"

किती वेळ थांबले असेन मी? एका बोल्टाने काय होतंय, असं मनाशी म्हणाले का? म्हणाले. पण वळणात एकटा बोल्ट टिकत नाही, म्हणून दोन असतात, हे आठ महिने ऐकून मला पाठ होतं.

"हाय."

विमान उडालं. छान उडालं, हे सांगायलाच हवं. मी अण्णांच्या शेजारी उभी होते, त्यांच्या हाताकडे बघत होते. अंगठा रिमोटच्या दांडीवर, आणि थरथर — अजिबात नाही. दोन फेऱ्या सरळ झाल्या. तिसऱ्या फेरीला वळण घेतलं आणि उजवा पंख सुटून बाजूला गेला. उरलेलं विमान गरगरत खडकावर आदळलं.

सगळे तिकडे पळाले. झालरवालासुद्धा. अण्णाही. मी पळाले नाही. मी वाकले, गवत बाजूला केलं, आणि बोल्ट सापडला. माझ्या चपलेपासून वीतभर. मग आधी का सापडला नाही? शोधला कुठे होता मी?

पर्समध्ये टाकला.

अण्णा मेकॅनिक. पंखाच्या मागच्या भोकात डोकावले असते तर तेव्हाच कळलं असतं — तुटलेल्या बोल्टाचा तुकडा आत राहतो, न लावलेल्याचा काय राहणार? पण ते पंखाकडे बघतच नव्हते. स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"वळताना लय जोरात दाबलं गं. हात हालला माजा."

आणि मी काय म्हटलं? "अण्णा, तुम्ही बसा सावलीत. तुकडे मी भरते." भरले. पंखाचं ते भोकांचं टोक पोत्यात सगळ्यात खाली घातलं.

त्यानंतर अण्णांनी स्कूटर काढून टाकली. दाढीला न्हावी घरी येतो. वहिनी चहा अर्धाच कप देतात, ते तेवढाच पितात. डॉक्टरांनी वापरा म्हणून सांगितलेला हात मांडीखाली दाबून बसतात. तीन वर्षांत मी साताऱ्याला किती वेळा गेले असेन? दर वेळी ठरवून जाते. एकदा तर विषय काढायला गेले आणि त्यांच्या खिडक्यांची मापं घेऊन परत आले. पडदे चांगले झाले.

गेल्या महिन्यात अण्णांनी छोटी इस्त्री, चिमटे आणि तो निळा डबा माझ्यापुढे ठेवला. "ने गं हे. तुजा हात स्थिर हाय."

मी घेतलं. दुकानात मशीनखाली ठेवलं आहे.

त्यांचा हात हलला नव्हता. बोल्ट लावलेला नव्हता, मला माहीत होतं, आणि मी "हाय" म्हटलं.