गिरणी बंद करून बोलणारी मावशी

फोन आला तेव्हा मी हिंगोलीत, कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. दादा म्हणाला, "वच्छीमावशी गेली... गिरणीतच. छातीत कळ आली." मी पहिलं काय विचारलं, तर "पडली का? हाड मोडलं का कुठं?" दादा म्हणाला, "न्हाई. पोत्याला टेकून बसली आन् गेली." मला रडू फुटलं, पण त्यात थोडं समाधानही होतं. का, ते पुढे कळेल. आता दीड महिना झाला. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, लिहिण्याची सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वच्छीमावशी माझ्या आईची थोरली बहीण. लग्न करून गोरेगावला गेली, पण तिला पाळी कधी आलीच नाही, म्हणून दोन वर्षांत नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. आजोबांनी जवळा बाजार गावातली पिठाची गिरणी तिच्या हाती दिली. बाजाराच्या दिवशी डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. मावशी डोक्याला फडकं बांधून, भुवयांपर्यंत पांढरी होऊन, सगळ्यांशी ओरडून बोलायची. तिचा एक नियम होता. वरच्या पेटीत दाणे असताना मोटार बंद करायची नाही. दाणे दगडांत अडकतात, मग सगळं उघडून साफ करत बसावं लागतं.

मी बारावीत गेले तरी मलाही पाळी नव्हती. कुणी काढे सांगितले, कुणी म्हणालं लग्न लावा, आपोआप होईल. एका डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बसवून आईला सांगितलं, पोटात गाठी आहेत, काढून टाकू, पोरीला काही बोलू नका. ऑपरेशनचा दिवसही ठरला. मावशीला हे कळलं तेव्हा ती मला गिरणीत घेऊन गेली, पेटीत ज्वारी ओतली, मोटार सुरू केली आणि त्या घरघरीत माझ्या कानाला तोंड लावलं. "नवऱ्यानं सोडल्यावर माझ्याबी अशाच गाठी काढल्या. काहून काढल्या, कुणी सांगितलं न्हाई. तवापासून अंगाची आग झाली, अन् नुसता डबा उचलताना मनगट मोडलं. तू आधी समजून घे, मग काय ते ठरव."

मी म्हणाले, "मावशे, हे घरी नसतं का सांगता आलं?"

"घरी भिंतीला कान हायेत. इथं माझं मलाच ऐकू येत न्हाई."

तिनेच आईला तयार केलं आणि आम्ही नांदेडला गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम मावशीकडे बघून बोलायला लागल्या, तशी मावशी म्हणाली, "मला नका सांगू. हिला सांगा. अंग हिचं हाय." तपासण्या झाल्यावर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. मला जन्मापासून गर्भपिशवी नाही. ज्यांना गाठी म्हटलं, त्या पोटातल्या ग्रंथी मुलांमध्ये असतात तशा आहेत, पण त्यांतून येणारे पुरुषी हार्मोन माझं शरीर घेतच नाही. काही माणसं अशा वेगळ्या घडणीची जन्मतात, त्यांना आंतरलिंगी म्हणतात. त्याच ग्रंथींवर माझी हाडं टिकून आहेत. पुढे कधी त्यात बिघाड होऊ शकतो म्हणून दर वर्षी तपासायचं, पण घाईने काढायचं कारण नाही. "म्हंजे पोरगीच ना?" मावशीने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तिलाच विचारा." मी "हो" म्हणाले. माझ्याबद्दलचं काही मला विचारून ठरलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. ऑपरेशन रद्द झालं.

मावशीनेही स्वतःला तपासून घेतलं. तिचं तेच निघालं. ग्रंथी काढल्यावर द्यायला हवी ती औषधं तिला कुणी दिलीच नव्हती, म्हणून हाडं ठिसूळ झालेली. मग गोळ्या, दूध, सकाळचं ऊन, औंढ्याच्या रस्त्याने चालणं. डबा वाकून उचलायचा नाही. दोन वर्षांनी रिपोर्ट सुधारला, तेव्हा तिने तो बाजारभर दाखवला. "बघा, माझी हाडं पास झाली!" त्यानंतर तिचं एकही हाड मोडलं नाही... शेवटपर्यंत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आले होते. रांगेतून गोदाकाकू ओरडली, "वच्छे, पोरीला कवा उजवता? का मावशीवर गेली?" पेटी ज्वारीने भरलेली होती. मावशीने लाल बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला. त्या जागेची शांतता मी कधी ऐकलीच नव्हती.

"गोदे, मला जन्मापासून गर्भपिशवी न्हाई. त्यात पाप न्हाई, कुणाची नजर न्हाई. तुमी इतकी वर्सं वांझ वांझ म्हणून राहिल्या, आता बराबर काय ते ऐका."

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी कवा विचारलं? नुसतं म्हणत व्हता."

रांगेत हशा पिकला, गोदाकाकूही हसली. माझ्याबद्दल मावशी अवाक्षर बोलली नाही. संध्याकाळी दगड साफ करताना म्हणाली, "तुझं तू सांग. वाटलं तर. न्हाई सांगितलं तरी त्यात काही वाईट न्हाई."

गेल्या रविवारी मी गिरणीत गेले. आता दादा चालवतो, पण तो जेवायला गेला होता, म्हणून रांग मीच सांभाळत होते. मावशीचं फडकं खिळ्यावर तसंच होतं, पिठाने पांढरं. एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी खाली मान घालून उभी. मोटारीचा आवाज चढल्यावर बाईने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "मावशी सांगायच्या त्या नांदेडच्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात?" मीही तिच्या कानातच पत्ता सांगितला. ते त्यांचं होतं, ते आवाजात राहू दिलं.

मग मी वर पाहिलं. पेटी अर्धी भरलेली होती. मी लाल बटण दाबलं.

रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "मावशीला व्हतं तसंच मलाबी हाय. गर्भपिशवी न्हाई. दर वर्षी तपासून घेते. अन् मी चांगली हाय."

त्या मुलीने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. रांगेच्या टोकाला गोदाकाकू होती. ती म्हणाली, "गेली गं बाई मावशीवर. बराबर गेली."

मी खिळ्यावरचं फडकं काढून डोक्याला बांधलं आणि दगड साफ करायला बसले.