बोरघाट उतरून चार मिनिटं उभी

तळेगावहून निघताना नवऱ्याने तीनदा विचारलं, "मी येऊ का?" तिन्ही वेळा मी "नको" म्हटलं आणि गाडी सुरू केली. दोन वर्षांपूर्वी बांधकामाच्या जिन्यावरून पडले, मज्जारज्जूला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गप्प झालं. आता ब्रेक आणि वेग दोन्ही हातातल्या दांड्यावर. शेजारी धाकटी नणंद सुषमा, सीट घट्ट धरून.

बोरघाटात एका वळणावर मी ओरडलेच, "सुषमा, खाली बघ गं!" खोपोलीची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती.

"तू रस्त्याकडे बघ, वहिनी!"

चौकला ढाब्यावर थांबलो. दाराशी तीन पायऱ्या. मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, गाडीत नाय जेवायचं. तुमी आत यायचं." शेजारच्या गॅरेजमधल्या दोघांनी फळी टाकून माझी चाकाची खुर्ची वर चढवली. शेवळं (पावसाआधी उगवणारी रानभाजी) आणि तांदळाची भाकरी! मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

उतरताना फळी सरकली. खुर्ची सुटली, अंगणातून धावली आणि थेट पेंढ्याच्या ढिगात घुसली.

"आरं धरा रं तिला!" बाई किंचाळल्या.

मी केसांत पेंढा घेऊन खदखदून हसत होते. सुषमा मात्र पांढरी पडली होती. मला पायाला लागलं तरी कळत नाही, म्हणून बाईंच्या खोलीत दोघींनी माझे पाय नीट तपासले. ओरखडाही नव्हता. मग आम्ही तिघी हसत सुटलो.

कर्जतच्या रस्त्यावरचं मणक्याच्या उपचारांचं केंद्र आंब्याच्या झाडांत आहे. तिथे उभं राहण्याच्या एका नव्या चौकटीवर संशोधन चाललंय, आणि त्यात मी नाव दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं, "याने पाय परत येतील असं मी म्हणणार नाही. रक्तदाब, हाडं, त्वचा यांना काय फायदा होतो, ते आम्ही बघतोय. चक्कर आली तर लगेच बोला."

पट्टे आवळले. चौकट हळूहळू उभी झाली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी दात आवळून लांब श्वास घेतले. काजवे विझले. खिडकीबाहेर भातखाचरं दिसली, आणि खाली सुषमाच्या डोक्यावरचा भांग.

"वहिनी," ती वर बघत म्हणाली, "तू माझ्यापेक्षा उंच आहेस. मी विसरलेच होते गं!"

चार मिनिटं. मग पुन्हा खुर्ची. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.

परतीच्या घाटात सुषमा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "मला शिकवशील गाडी?"

दोन वर्षं सगळे मलाच शिकवत होते: कसं बसायचं, कसं वळायचं, कसं जपायचं. शिकवणारी व्हायला मला अख्खा घाट उतरून चढावा लागला. "उद्या सकाळी सातला तयार राहा," मी म्हटलं आणि वेग वाढवला.